दोनाला तीन देणारं टेबल

या, जरा जवळ सरकून बसा. कूलरचा आवाज मोठा आहे आणि माझा घसा रविवारच्या गाण्यानं बसलाय. एका टेबलाची गोष्ट सांगते. टेबल जुगाराचं आहे हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर मध्येच उठून जाल. पण गोष्टीत पास्टर आहेत, ऑर्गन आहे, एक हट्टी म्हातारी आहे, तिच्याहून हट्टी तिचा भाऊ आहे. देवही आहे. तो नेहमीसारखा मागच्या बाकावर बसून सगळं बघतोय.

मी वॅश्टी. वेगसच्या वेस्टसाइडला आमचं माउंट गिलियड चर्च आहे, त्याची व्हॅन मी चालवते. रविवारी म्हाताऱ्यांना घराघरांतून गोळा करायचं, चर्चला आणायचं, तळघरातलं जेवण झालं की परत पोचवायचं. आमचे पास्टर हार्कनेस प्रवचन बोलत सुरू करतात आणि गात संपवतात. सुरुवातीला अगदी साधं निरूपण, शेजारी कुंपणावरून बोलावं तसं. मग कुठेतरी त्यांचा आवाज एका सुराला जाऊन टेकतो, ब्रदर क्लीओटिस ऑर्गनवरून त्या सुराला उत्तर देतो, पास्टर रुमालानं कपाळ पुसतात, आणि तिथून पुढे शब्द चालत नाहीत, वाहतात. दोन नवऱ्यांना कबरीपर्यंत पोचवून आले मी, पण त्या गाण्याइतकं मला कोणी जागेवरून उठवलेलं नाही. अख्खा आठवडा मी त्यावर काढते.

तर मदर ऑर्लीन टिब्स. चर्चमधल्या सगळ्यात जुन्या बायकांना आम्ही मदर म्हणतो. पांढरा पोशाख, पांढरी टोपी, पहिल्या बाकावरची जागा. मदर टिब्स लहानपणी लुइझियानातल्या टलूला गावाहून इथे आल्या आणि हॉटेलांतल्या चादरी बदलत म्हाताऱ्या झाल्या. रविवारी त्यांच्यासमोर चर्चचे कारभारी डीकनसुद्धा च्युइंगगम गिळून टाकतात. मंगळवारी दुपारी मात्र पांढरी टोपी खुंटीला लावून त्या जांभळी घालायच्या, आणि मी त्यांना डाउनटाउनला सिल्व्हर म्यूल नावाच्या कॅसिनोत ब्लॅकजॅक खेळायला न्यायचे. व्हॅनवर चर्चचं नाव हातभर अक्षरांत लिहिलेलं आहे, म्हणून ती दोन गल्ल्या अलीकडे लावायची असं आमचं ठरलेलं.

"मदर, हे पाप नाही का हो?" मी एकदा विचारलं होतं.

"पाचाला सहा देणाऱ्या टेबलावर बसणं पाप आहे," त्या म्हणाल्या. "दोनाला तीन देणाऱ्यावर बसणं ही काटकसर आहे. गाडी हळू घे."

त्याचं असं आहे. पहिल्या दोन पत्त्यांत एक्का आणि दहाच्या मोलाचा पत्ता आला की एकवीस भरतात, तो ब्लॅकजॅक. पूर्वी कुठेही दहा डॉलर लावून ब्लॅकजॅक आला की वर पंधरा मिळायचे, म्हणजे दोनाला तीन. मग मालकलोकांनी गुपचूप बारा, म्हणजे पाचाला सहा, द्यायला सुरुवात केली. गुपचूप तरी कसं म्हणू, टेबलावरच्या कापडावर ते छापून टाकलं, कारण रंगात आलेला माणूस कापड वाचत नाही. कमी पैशांच्या टेबलांवर तर सगळीकडे हीच लूट. पाच डॉलरवर खेळता येईल आणि वर पुरते पैसे मिळतील असं टेबल डाउनटाउनला एकच उरलं होतं, सिल्व्हर म्यूलच्या मागच्या कोपऱ्यात, बर्फाच्या मशीनशेजारी. ते तिथे आहे हे मालक विसरला असावा.

त्या टेबलाच्या अगदी शेवटच्या खुर्चीवर मदर टिब्सचा धाकटा भाऊ थॅडियस बसायचा. तिच्या शेजारच्या खुर्चीवर मदर. आणि दोघं एकमेकांशी बोलत नसत.

भांडण आईच्या अंत्यविधीतलं. थॅडियस आईचं आवडतं गाणं म्हणायला उभा राहिला. आवाज त्याचा असा की दारावर खरवडणारं मांजर बरं, पण त्या दिवशी त्याला सगळी कडवी म्हणायची होती. तिसऱ्या कडव्याला ऑर्गन हळूच सुरू झाला आणि चढत गेला. आमच्यात बोलणारा किंवा गाणारा लांबला की ऑर्गन असाच चढतो. त्याचा अर्थ, बस बाबा खाली, देवाला पोचलं. थॅडियस बसला. पण बसता बसता त्यानं पाहिलं, पहिल्या बाकावरून बहिणीनं क्लीओटिसकडे रुमाल हलवला होता. मदर म्हणायच्या, मी घाम पुसत होते. थॅडियस म्हणायचा, जानेवारीत? तेव्हापासून त्यानं चर्चची पायरी चढली नाही. रविवारी घरी रेडिओ लावून आमची प्रार्थना ऐकतो हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि बहिणीला फोन करत नाही हेही.

मग एका टेबलावर कसे? तर शहरात टेबलच ते एक, आणि दुसऱ्यासाठी ते सोडायची दोघांचीही तयारी नाही. थॅडियस तरुणपणी पत्ते वाटायचं काम करायचा. टेबल कसं पारखायचं ते त्यानंच बहिणीला शिकवलं होतं, त्यामुळे तिला चुकीच्या टेबलावर बसवणं त्याच्याही हातात राहिलं नव्हतं.

त्यांचं बोलणं व्हायचं ते लूझमार्फत. लूझ म्हणजे पत्ते वाटणारी. फिलिपिन्सची, बुटकी, चष्म्याला साखळी. दोघांच्या मध्ये हातभर अंतर, पण निरोप तिच्यामार्फत.

"लूझ," मदर म्हणायच्या, "त्या गृहस्थांना सांग, हातात सोळा आणि समोर तुझी दश्शी असताना गप्प बसून राहणाऱ्याला भित्रा म्हणतात."

"सर, मॅडम म्हणतात पत्ता घ्या."

"लूझ, त्या बाईंना सांग, मी पत्ते वाटत होतो तेव्हा त्या उशांना अभ्रे घालत होत्या."

"मॅडम, सर म्हणतात थँक्यू."

एकदा पडशामुळे मदरचा एक मंगळवार चुकला. त्याच्या पुढच्या मंगळवारी त्या टेबलावर आल्या, तर थॅडियस पत्त्यांवरून नजर न काढता म्हणाला, "लूझ, मागच्या खेपेला ही खुर्ची रिकामी होती. फार गार वारा येत होता इकडून."

"सर विचारतात, तब्येत कशी आहे," लूझ म्हणाली. हे मात्र तिनं बरोबर सांगितलं.

घरापाशी व्हॅनमधून उतरताना मदर म्हणाल्या, "वाळलाय जरा." मला कळायचं ते तेव्हाच कळलं. चाळीस डॉलर घेऊन ही बाई पत्ते बघायला जात नव्हती. दोघांचं उरलेलं आयुष्य त्या हिरव्या कापडावर अडकलं होतं. ते टेबल गेलं असतं तर या जगात दोघांची गाठ पडायला दुसरी जागा नव्हती.

आणि ते टेबल घालवलं आमच्या पास्टरांनी. मनात पाप नव्हतं त्यांच्या, गाणं होतं.

मदरचा गुडघा धरला होता, म्हणून पास्टर पीच कॉब्लरचं गोड घेऊन विचारपूस करायला गेले. कॉब्लर खाता खाता मदरनं त्यांच्यापाशी कबुली दिली. कबुली कसली, फुशारकीच ती. अख्ख्या डाउनटाउनमध्ये चांगलं टेबल एकच आणि ते मला ठाऊक, असं म्हणून टेबलाची जागा, वार, वेळ, नियम, सगळं ऐकवलं. वाटणारीकडे एक्का-छक्की मिळून सतरा झाले की ती थांबते, पुढचा पत्ता ओढत नाही, आणि त्यानं खेळणाऱ्याचा किती फायदा होतो, तेही. पास्टर खाली मान घालून खात होते. मदरला वाटलं, माणूस खातोय.

रविवारी प्रवचन होतं राजाच्या मेजवानीवर. राजानं टेबल मांडलं आणि बोलावलेले आलेच नाहीत, ती गोष्ट. निरूपण सुरेख चाललं होतं. मग सूर लागला. क्लीओटिसनं उत्तर दिलं. पास्टरांनी कोट काढून खुर्चीवर टाकला आणि गाऊ लागले, "जगाच्या टेबलावर बसलास तू, जगानं तुला काय दिलं? पाचाला सहा दिले." लोक म्हणाले, खरं आहे. "कापडावर लिहिलं होतं, तू वाचलं नाहीस." खरं आहे, पास्टर, खरं आहे. "अरे, सिल्व्हर म्यूलच्या मागच्या कोपऱ्यात, बर्फाच्या मशीनशेजारी, मंगळवारच्या दुपारी, पाच डॉलरवाल्या गरिबालासुद्धा दोनाला तीन मिळतात. मग माझा देव काय सिल्व्हर म्यूलहून कंजूष आहे?"

नाही, अशी गर्जना झाली. बायका उभ्या राहिल्या, कोणी चप्पल काढून नाचली. मी हातातला पंखा हलवत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, इतकं ते सुंदर होतं. खाली बसल्यावर मग माझ्या डोक्यात ते वाक्य पोचलं. मी पहिल्या बाकाकडे पाहिलं. पांढऱ्या टोपीखाली मदर टिब्सचा चेहरा इस्त्री केल्यासारखा सपाट झाला होता. आणि हे सगळं रेडिओवरून गेलं होतं.

"ओघात आलं, मदर," पास्टर नंतर तळघरात त्यांच्या ताटात कोंबडीचा मोठा तुकडा वाढत म्हणाले. "उदाहरण हातात येत नव्हतं, ते एकदम आलं."

"बायबल एवढं जाड आहे," मदर म्हणाल्या, "त्यात एक उदाहरण मिळालं नाही तुम्हाला?"

मंगळवारी आम्ही गेलो तर व्हॅन लावायला जागा नाही. टेबलाभोवती अर्धं माउंट गिलियड. डीकन पर्सल, ज्यांनी ईस्टरच्या आधी जुगारावर चार शब्द सांगितले होते, ते टोपी नाकापर्यंत ओढून मधल्या खुर्चीवर. गाणाऱ्या बायका मागे रांगेत उभ्या. एक सिस्टर प्रत्येक पत्त्यावर हात ठेवून प्रार्थना करत होती आणि लूझ तिला विनवत होती की पत्त्यांना हात लावू नका. कोणाला ब्लॅकजॅक आला की सगळे मिळून प्रभूचे आभार मानत. तो आवाज ऐकून कोपऱ्यात काय चाललंय ते बघायला मॅनेजर आला. त्यानं गर्दी बघितली, मग खाली वाकून कापड बघितलं. त्याच्या तोंडावर जे उमटलं ते मी अजून विसरले नाही. घरातल्या फडताळात कोणी अनोळखी राहत होता हे एकदम कळावं तसं.

शेवटच्या खुर्चीवर थॅडियस होता. तो पहाटेच येऊन जागा धरून बसला असणार. त्याच्या शेजारच्या खुर्चीवर त्याची टोपी होती. कोणी बसायला आलं की तो म्हणायचा, भरली आहे. मदर आल्या तसा त्यानं लूझकडे बघत टोपी उचलली.

पुढच्या मंगळवारी कापड नवं होतं. पाच डॉलरच्या जागी पंधरा, आणि पांढऱ्या ठसठशीत अक्षरांत, पाचाला सहा. टेबल रिकामं होतं. लूझ हात पसरून उभी होती, समोर पत्त्यांचं अर्धवर्तुळ मांडलेलं, कोणी यावं म्हणून.

"सॉरी, मॅडम," ती म्हणाली. "सॉरी, सर."

दोघं उभेच राहिले. थॅडियसनं कापड वाचलं, खरं तर न वाचताही त्याला कळलं होतं. तो म्हणाला, "लूझ, त्या बाईंना सांग, त्यांचे पास्टर छान गातात."

लूझनं या वेळी तोंड उघडलं नाही. थॅडियस टोपी घालून निघून गेला. मदर त्याच्या पाठीकडे बघत होत्या. तू आता कुठे खेळशील, एवढं विचारायचं होतं. पण ते लूझमार्फत विचारणं बरं दिसलं नसतं, आणि सरळ विचारायची सवय राहिली नव्हती.

त्या दिवसापासून आमची शोधाशोध सुरू झाली. तुम्ही कधी म्हातारीबरोबर टेबल शोधायला गेला नसाल, म्हणून सांगते. बाहेरच्या दिव्यांच्या पाटीवर काय लिहिलंय ते मदर बघायच्याच नाहीत. तडक आत, चष्मा कपाळावर, आणि टेबलावर वाकून कापडाला नाक लावायचं, बाजारात मासा हुंगतात तसं. पाचाला सहा दिसलं की तोंडानं एक आवाज काढायचा आणि पुढचं टेबल. दोनाला तीन दिसलं तर कमीत कमी किती लावायचे ते विचारायचं. ते परवडणारं निघालं तर मग सतराला थांबता की नाही.

एका ठिकाणी तीन डॉलरचं टेबल मिळालं. मी खूश. मदरनं कापड वाचलं आणि म्हणाल्या, "हे ब्लॅकजॅकला जेवढे लावले तेवढेच देतात. चोरालासुद्धा एवढं धाडस नसतं." दुसरीकडे पत्ते वाटायला माणूसच नव्हता. पडद्यावर एक तरुणी होती, छाती निम्मी उघडी, ती मदरकडे बघून डोळे मिचकावत होती. "हिला कोणीतरी शाल द्या," मदर म्हणाल्या. तिसरीकडे टेबलामागच्या चौथऱ्यावर बायका खांबाला धरून नाचत होत्या, मदर त्यांच्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या आणि नियम विचारून घेतले. नियमही पाठ फिरवण्यासारखेच निघाले. व्हॅनमध्ये बसल्यावर म्हणाल्या, "त्यातली डावीकडची छान नाचत होती."

अखेर बोल्डर हायवेवर, शहराच्या पार टोकाला, बोलिंग खेळायच्या जुन्या जागेला जोडून कॉपर लँटर्न नावाचा एक कॅसिनो सापडला. गालिचाला चिवड्यासारखे रंग, हवेत कांद्याच्या भज्यांचा वास. खेळणारे सगळे वयस्कर, निम्म्यांच्या नाकात ऑक्सिजनची नळी. आणि मागे एक टेबल. पाच डॉलर. दोनाला तीन. मदरनं वाटणाऱ्या म्हाताऱ्याला विचारलं, "एक्का-छक्की?"

"थांबतो मॅडम. या वयात कशाला पळायचं?"

मदर बसल्या. शेवटच्या खुर्चीच्या अलीकडच्या खुर्चीवर. शेवटच्या खुर्चीवर त्यांनी पर्स ठेवली.

दर मंगळवारी हेच. तो म्हातारा म्हणायचा, मॅडम, पर्स मांडीवर घ्या, मदर म्हणायच्या, ती खेळतेय. पैसे थोडे जिंकत, थोडे हरत, पण खेळात लक्ष नव्हतं. सोळा आणि समोर दश्शी असताना एकदा त्या पत्ता न घेता थांबल्या. मी मागे उभी होते, मला धक्काच बसला. ती थॅडियसची खोड.

"मदर, फोन करा त्याला," परतताना व्हॅनमध्ये मी म्हटलं.

"तो धाकटा आहे. तो करेल."

"त्याला टेबल कुठंय ते ठाऊक नाही."

"शोधेल. त्यानंच शिकवलंय मला."

"बोल्डर हायवेपर्यंत बसनं येईल तो? त्याचे पाय बघितलेत का?"

मदर म्हणाल्या, "रविवारी मी साक्ष देणार आहे."

साक्ष म्हणजे आमच्यात प्रवचनाच्या आधी ज्याला वाटेल त्यानं उभं राहून देवानं आपल्यासाठी काय केलं ते सांगायचं. त्या वेळी रेडिओ चालू असतो. मी गाडी बाजूला घेतली.

"मदर, रेडिओवरून टेबल सांगितलंत तर पुढच्या मंगळवारी डीकन पर्सल तिथे बसलेले असतील. हेही टेबल जाईल."

"जाऊ दे," मदर म्हणाल्या. "त्याला कळल्यावर जाऊ दे."

एवढी टेबलाची पारख असलेली बाई, शहरातलं शेवटचं चांगलं टेबल फुंकून टाकायला तयार झाली होती. मी गाडी परत रस्त्यावर घेतली.

रविवारी त्या उभ्या राहिल्या. पांढरी टोपी, हातात रुमाल. चर्च शांत झालं. मदर टिब्स सहसा साक्ष देत नसत, दुसऱ्यांच्या साक्षीला मान हलवायच्या.

पण साक्ष द्यायची म्हणजे आमच्यात रीत असते. आधी देवाचे आभार, मग पास्टरांचे, मग त्यांच्या बायकोचे. मग मी आज सकाळी उठले, अंथरूण हेच माझं शवपेटीचं कापड झालं नाही याबद्दल आभार. मग गुडघा. गुडघ्यावर बराच वेळ गेला. मग डॉक्टर, तो कुठल्या देशाचा, त्याची बायको कशी. मग टलूला, आई, आईच्या हातची मक्याची भाकरी. मी मनात म्हणत होते, मदर, लवकर या मुद्द्यावर. कोणी घड्याळ बघू लागलं.

"आणि माझा भाऊ," मदर म्हणाल्या, "तो ऐकत असेल. थॅडियस. आईच्या वेळी मी घाम पुसत नव्हते."

सगळ्या चर्चमध्ये पंखे हलायचे थांबले.

"तर थॅडियस, मला ते सापडलंय. आपलं. ते आहे बोल..."

आणि ऑर्गन सुरू झाला. आधी हळू, मग चढत. मदरनं आवाज वाढवला, क्लीओटिसनं त्याहून वाढवला. त्याचे दोन्ही पाय खालच्या पट्ट्यांवर, डोळे मिटलेले, चेहरा देवाला वाहिलेला. मदरचे ओठ हलताना दिसत होते, शब्द एक नाही. शेवटी त्या खाली बसल्या. अख्ख्या आयुष्यात त्यांना कोणी असं बसवलं नव्हतं.

मी क्लीओटिसला नंतर विचारलं. तो म्हणाला, रेडिओची वेळ ठरलेली असते, साक्ष लांबली होती. त्या गर्दीच्या मंगळवारी गाणाऱ्या मंडळींतली सगळी टेबलाशी होती, पण क्लीओटिस आला नव्हता, हे मला मागाहून आठवलं. टेबल वाचावं म्हणून त्यानं मुद्दाम वाजवलं का, ते मला माहीत नाही.

प्रवचन सुरू झालं. उधळ्या मुलाची गोष्ट होती, पण पास्टरांनी या वेळी कुठल्याही कॅसिनोचं नाव घेतलं नाही, शपथेवर सांगते. सूर लागला, कोट निघाला. बाप दूरवरून मुलाला बघतो त्या जागी पास्टर आले आणि एकच ओळ परत परत वळवू लागले, अजून लांब आहे, पण दिसतोय, अजून लांब आहे, पण दिसतोय. आणि माझं काम दाराशी असतं, म्हणून मी सगळ्यांत आधी पाहिलं. थॅडियस दार ढकलून आत आला. घरातलीच चप्पल पायात, हातात काठी, धाप लागलेली. टॅक्सी केली असणार. तो मागच्या बाकावर बसला, मी सुरुवातीला सांगितलं ना, देव बसतो, तिथेच. आणि त्याचे खांदे हलत होते. मला वाटलं रडतोय. जवळ गेले तर माणूस हसत होता, इतका की डोळे पुसायला रुमाल कमी पडत होता.

जेवण झाल्यावर मदर व्हॅनपाशी आल्या तर तो दाराला टेकून उभा होता. मध्ये लूझ नव्हती. मी होते, पण मी आरसा पुसायला लागले.

"वाजला ना ऑर्गन," थॅडियस म्हणाला.

"वाजला."

"कसं वाटलं?"

मदरनं रुमालाची घडी घातली, उलगडली, परत घातली. "वाईट," त्या म्हणाल्या. "भर सभेत. वाईट वाटलं."

"तिसऱ्या कडव्याला तर फार वाटतं."

"तुझा आवाज वाईट होता, थॅडी."

"ते आहेच."

"पण मी ते करायला नको होतं."

थॅडियसनं काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "बोल म्हणजे पुढे काय? बोल्डर हायवे? मी बसनं तीन ठिकाणं पालथी घातली, ऑर्ली. तिकडे जायचं राहिलं होतं. सतराला थांबतात का?"

"थांबतात."

"दोनाला तीन?"

"नाहीतर काय मी पाचाला सहा सांगायला चर्चमध्ये उभी राहिले होते?"

त्यानं व्हॅनचं दार उघडलं आणि तिला वर चढायला हात दिला. मग स्वतः चढून तिच्या शेजारी बसला, आणि मला म्हणाला, "मुली, हिच्या घराकडून घे. मला घाई नाही."

मंगळवारी कॉपर लँटर्नमध्ये पर्स मांडीवर गेली. पहिल्याच डावात थॅडियसला सोळा आले, समोर वाटणाऱ्याची दश्शी. मदरनं सवयीनं वाटणाऱ्याकडे तोंड वळवलं, मग थांबल्या आणि भावाकडे वळल्या.

"पत्ता घे, भित्र्या."

"नाही घेत."

त्यानं घेतला नाही. वाटणाऱ्यानं झाकलेला पत्ता उलटला, तीही दश्शी निघाली, वीस. थॅडियसचे पाच डॉलर गेले. मदर इतक्या खूश झाल्या की त्यांचं स्वतःचं हरलेलं त्यांच्या लक्षातच आलं नाही. त्या त्याला परतीच्या वाटेवर घरापर्यंत ते ऐकवत होत्या, आणि तो, बाई, जरा श्वास घे, म्हणत होता.

ते टेबल अजून आहे. कुठे आहे ते मी आज ओघात बोलून गेले, ते कृपा करून पास्टरांच्या कानावर घालू नका.

आणि आता एक विनंती. आज झोपण्याआधी हात जोडाल तेव्हा लूझची आठवण करा. ती अजून सिल्व्हर म्यूलच्या मागच्या कोपऱ्यात, बर्फाच्या मशीनशेजारी, नव्या कापडामागे हात पसरून उभी असते आणि पाचाला सहा मोजून देते. तो हिशेब तिचा नाही. तिनं दोन हट्टी जीवांचे कडू शब्द इतकी वर्षं आपल्या तोंडात घेतले, गोड करून पलीकडे दिले, आणि त्याबद्दल कधी कोणाकडे काही मागितलं नाही. तिचं नाव घ्या.